गप्प राहिलेल्या कारखान्यांचा हिशेब

१९३० सालचा जानेवारी महिना. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून तीन महिने उलटले होते. कारखान्यांच्या दारांवर काम मागणाऱ्यांच्या रांगा लांबत चालल्या होत्या. अशा वेळी अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून दिलासा देणारी घोषणा झाली. रोजगाराची घसरण थांबली असून कामावर परतणाऱ्यांची संख्या वाढू लागली आहे, असा तिचा आशय होता. वृत्तपत्रांनी ती ठळकपणे छापली. न्यूयॉर्क राज्याच्या औद्योगिक आयुक्त फ्रान्सिस पर्किन्स यांनी ती बातमी वाचली आणि त्या चकित झाल्या. राज्यातील कारखाने दरमहा आपल्या पगारपत्रकांवरून कामगारसंख्येची विवरणे त्यांच्या खात्याकडे पाठवत असत आणि ती विवरणे नेमके उलटे सांगत होती.

पर्किन्स यांनी खात्यातील संख्याशास्त्रज्ञांकडून आकडे पुन्हा तपासून घेतले आणि पत्रकारांना बोलावून अध्यक्षांचे विधान चुकीचे असल्याचे जाहीरपणे सांगितले. न्यूयॉर्कमधील रोजगार वाढत नसून घटत आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. एका राज्याच्या अधिकाऱ्याने, तेही एका स्त्रीने, राष्ट्राध्यक्षांना असे खोडून काढणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. राज्यपाल फ्रँकलिन रूझवेल्ट यांची परवानगीही त्यांनी आधी घेतली नव्हती. रूझवेल्ट यांनी मात्र त्यांची पाठराखण केली. एका दिवसात पर्किन्स यांचे नाव देशभर पोहोचले.

अमेरिकी मंत्रिमंडळातील पहिली स्त्री, सामाजिक सुरक्षा कायद्याची शिल्पकार, किमान वेतनाची पुरस्कर्ती अशा नात्यांनी पर्किन्स यांची आठवण काढली जाते. त्यांच्या कर्तृत्वाचा आणखी एक धागा फारसा उलगडला जात नाही. किती माणसे कामावर आहेत, हा साधा वाटणारा प्रश्न त्यांनी आयुष्यभर गांभीर्याने घेतला. ज्यांचे उत्तर येत नाही त्यांचे काय, हा त्यातला सर्वात अवघड भाग होता.

फ्रान्सिस यांचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टन येथे झाला. पाळण्यातले नाव फॅनी कोरली. फ्रान्सिस हे नाव त्यांनी पुढे स्वतः घेतले. वडिलांचा वूस्टर गावी लेखनसाहित्याचा व्यवसाय होता. घर सुखवस्तू आणि सनातनी वळणाचे होते. गरिबी ही आळसाची आणि व्यसनांची फळे असतात, अशी त्या काळच्या अशा घरांतली समजूत. माउंट होल्योक महाविद्यालयात फ्रान्सिस विज्ञान शिकल्या. पण त्यांच्या मनावर खोल ठसा उमटवला तो आर्थिक इतिहासाच्या एका प्राध्यापिकेने. या बाईंनी विद्यार्थिनींना जवळच्या होल्योक गावातील गिरण्यांमध्ये नेले आणि तिथल्या कामाची परिस्थिती डोळ्यांनी पाहून टिपून आणायला सांगितले. घरातून मिळालेल्या समजुतींना तिथे पहिला तडा गेला. १९०२ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

त्यानंतर शिकागोजवळ शिक्षिकेची नोकरी, सुटीच्या दिवसांत हल हाऊस या सेवाकेंद्रात काम, पुढे फिलाडेल्फियात नव्याने शहरात आलेल्या मुलींची फसवणूक करणाऱ्या दलालांचा शोध आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असा त्यांचा प्रवास झाला. न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीतील शाळकरी मुलांचे कुपोषण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. घरोघर जाऊन माहिती गोळा करायची, तिची कोष्टके मांडायची आणि त्या कोष्टकांच्या आधारे कायदा मागायचा, ही पद्धत त्यांच्या अंगी इथेच मुरली. त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाच्या चिटणीस झाल्या.

२५ मार्च १९११ च्या दुपारी वॉशिंग्टन चौकाजवळ एका मैत्रिणीकडे त्या चहाला गेल्या असताना आगीच्या बंबांचा आवाज आला. ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याचे वरचे मजले पेटले होते. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता आणि अग्निशमन दलाच्या शिड्या तिथवर पोहोचत नव्हत्या. खिडक्यांतून उड्या घेणाऱ्या मुली पर्किन्स यांनी खाली उभे राहून पाहिल्या. त्या आगीत १४६ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या.

आगीनंतर नेमलेल्या चौकशी आयोगात पर्किन्स यांनी तपासनीस म्हणून काम केले. अल स्मिथ आणि रॉबर्ट वॅग्नर हे दोन आमदार या आयोगाचे धुरीण होते. पर्किन्स त्यांना भल्या पहाटे कारखान्यांच्या दारात उभे करीत. रात्रपाळी संपवून थकून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया त्यांनी स्मिथ यांना दाखवल्या. बर्फ साचलेल्या संकटकालीन शिडीकडे नेणाऱ्या अरुंद भोकातून त्यांनी वॅग्नर यांना सरपटत जायला लावले. कागदावर जी शिडी सुटकेचा मार्ग म्हणून नोंदलेली असते ती प्रत्यक्षात कशी असते, हे दाखवण्याचा तो उपाय होता.

१९१२ मध्ये स्त्रियांच्या कामाचे तास आठवड्याला ५४ वर आणणारे विधेयक मंजूर झाले, तेव्हा फळे व भाज्या डबाबंद करणारे कारखाने त्यातून वगळण्यात आले होते. सर्वांना संरक्षण हवे असा आग्रह धरला असता तर विधेयकच बुडाले असते. पर्किन्स यांनी तडजोड पत्करली आणि वगळलेल्यांसाठीची लढाई पुढे चालू ठेवली. मिळेल ते आज पदरात पाडून घ्यायचे आणि उरलेल्यासाठी उद्या पुन्हा उभे राहायचे, हा त्यांच्या राजकारणाचा स्थायीभाव झाला. त्याचे मोल कोणाला मोजावे लागते, हा प्रश्न त्यांना पुढे फार मोठ्या प्रमाणावर भेटणार होता.

१९१३ मध्ये त्यांनी पॉल विल्सन यांच्याशी विवाह केला; स्वतःचे आडनाव मात्र बदलले नाही. १९१६ मध्ये त्यांना कन्या झाली. पुढे पतीला मानसिक आजाराने गाठले आणि संसाराचा भार पर्किन्स यांच्यावर आला. हे दुःख त्यांनी कधी चव्हाट्यावर मांडले नाही. १९१९ मध्ये राज्यपाल झालेल्या अल स्मिथ यांनी त्यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमले. १९२९ मध्ये रूझवेल्ट राज्यपाल झाले आणि पर्किन्स यांच्याकडे संपूर्ण खात्याची सूत्रे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाजार कोसळला.

न्यूयॉर्कच्या या खात्याजवळ एक मोलाची गोष्ट होती. १९१४ पासून राज्यातील निवडक कारखाने आपल्या पगारपत्रकांवर किती माणसे आहेत आणि त्यांना किती वेतन दिले, याचे मासिक विवरण पाठवत असत. अशा कारखान्यांची संख्या दीड हजारांहून अधिक होती. केंद्रीय कामगार सांख्यिकी कार्यालयानेही १९१५ मध्ये मोजक्या उद्योगांपासून अशीच सुरुवात केली होती. ही विवरणे ऐच्छिक होती. कोणी वेळेवर पाठवी, कोणी उशिरा, कोणी एखादा महिना चुकवी, तर कोणी एकाएकी गप्प होई.

या गप्प राहणाऱ्यांचे काय करायचे? त्यासाठी एक सोपी रीत वापरली जाई. ज्यांनी मागच्या आणि चालू अशा दोन्ही महिन्यांची विवरणे दिली, तेवढेच कारखाने तुलनेसाठी घ्यायचे. त्यांच्या कामगारसंख्येत जे प्रमाण वाढले किंवा घटले तेच सर्वांना लावायचे. समजा, १०० कारखान्यांत मागच्या महिन्यात १०,००० कामगार होते. या महिन्यात ९० कारखान्यांची विवरणे आली. त्यांच्याकडे आधी ९,००० माणसे होती, आता ८,८२० आहेत; म्हणजे २ टक्के घट. म्हणून एकूण अंदाज ९,८००. उरलेल्या दहा कारखान्यांतही इतरांसारखेच घडले असेल, असे या रीतीने मुकाट्याने गृहीत धरले.

सर्वसाधारण काळात हे गृहीतक बऱ्यापैकी चालते. कारकून रजेवर असतो, टपाल उशिरा पोहोचते. पण कारखाना चालू असतो. मंदीत मात्र गप्प राहण्याचे कारणच बदलते. त्या दहांपैकी चार कारखान्यांना कायमचे टाळे लागले असेल आणि तिथे ४०० माणसे असतील, तर खरा आकडा ९,४०८ च्या आसपास येतो. जवळजवळ ३९२ माणसांची बेकारी अंदाजात दिसतच नाही, कारण बंद पडलेला कारखाना आपण बंद पडलो असे कळवायला विवरण पाठवत नाही.

तेजीत याच्या उलट घडते. नवे कारखाने उभे राहतात. पण विवरणे पाठवणाऱ्यांच्या जुन्या यादीत त्यांचे नाव नसते. १९२० च्या दशकात केंद्रीय कार्यालयाचा रोजगार निर्देशांक याच कारणाने प्रत्यक्षाहून हळूहळू खाली सरकत गेला. दर दोन वर्षांनी होणाऱ्या कारखान्यांच्या गणनेशी ताळा केला की ही तफावत उघडी पडे. म्हणजे गैरहजर आकड्याची चूक एकाच बाजूला झुकत नाही. चांगल्या दिवसांत ती जन्माला आलेल्यांना विसरते आणि वाईट दिवसांत मेलेल्यांना.

हूव्हर यांच्या घोषणेमागे केंद्रीय रोजगार सेवेकडून आलेले त्रोटक अहवाल होते आणि सगळे लवकरच सावरेल ही आशा होती. डिसेंबरअखेर नाताळच्या सुटीसाठी थांबलेले काम जानेवारीत पुन्हा सुरू होते. तेवढ्यावरून सुधारणेचा निष्कर्ष काढता येत नाही, हे जाणकारांना ठाऊक होते. पर्किन्स यांच्याकडचे आकडेही अपुरेच होते. परंतु ते दरमहा त्याच रीतीने गोळा केलेले होते, मागच्या जानेवारींशी त्यांची तुलना करता येत होती आणि त्यांतली उणीव कुठे आहे हे मोजणाऱ्यांना माहीत होते. रिकामी जागा दोघांसमोरही होती. एका बाजूने ती आशेने भरली, दुसऱ्या बाजूने जाहीर नियमाने. यानंतर न्यूयॉर्कचे आकडे दरमहा प्रसिद्ध होत राहिले आणि देश ते लक्ष देऊन वाचू लागला. त्याच १९३० मध्ये सिनेटर झालेल्या वॅग्नर यांच्या पुढाकाराने केंद्राची रोजगार आकडेवारी विस्तारण्याचा कायदाही झाला. बेकारीच्या विम्याची व्यवस्था अभ्यासण्यासाठी १९३१ मध्ये रूझवेल्ट यांनी पर्किन्स यांना इंग्लंडला पाठवले.

मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि पर्किन्स कामगारमंत्री. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी कामांची यादीच रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवली होती: किमान वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, बालमजुरीला बंदी, बेकारी विमा, वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन. ही यादी मान्य असेल तरच आपण येऊ, अशी त्यांची अट होती. खात्यात पाऊल ठेवताच त्यांनी आकड्यांचे घर दुरुस्त करायला घेतले. मंदीच्या काळात सरकारी आकड्यांवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला सल्लागार समिती नेमायला सांगितले आणि कार्यालयाच्या पद्धती बाहेरच्या तज्ज्ञांपुढे तपासणीसाठी खुल्या केल्या. अर्थतज्ज्ञ इसादोर ल्युबिन यांना त्यांनी आयुक्तपदी आणले. रोजगार निर्देशांकाची कारखाना-गणनेशी सांगड घालून जुने आकडे सुधारण्यात आले. आपलेच प्रसिद्ध केलेले आकडे चुकले होते हे मान्य करणे सरकारी कार्यालयाला सहसा रुचत नाही. इथे ती कामाची पद्धतच ठरवण्यात आली.

तरीही मूळ दुखणे कायम होते. विवरण पाठवायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते. त्यावरचा उपाय निघाला तो वेगळ्याच वाटेने. १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी आर्थिक सुरक्षा समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पर्किन्स यांना दिले. बेकारी विम्याची रचना कशी असावी यावरून समितीत मतभेद होते आणि मुदत संपत आली होती. वर्षअखेरच्या दिवसांत पर्किन्स यांनी सहकाऱ्यांना आपल्या घरी बोलावले, दूरध्वनी बंद करून ठेवला, टेबलावर व्हिस्कीची बाटली मांडली आणि निर्णय झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही असे बजावले. त्या रात्री उशिरा निर्णय झाला. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर अध्यक्षांची सही झाली.

या कायद्याने आठ किंवा अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकांवर पगाराच्या रकमेनुसार कर बसवला. राज्याने स्वतःचा बेकारी विमा सुरू केल्यास त्या कराची बहुतांश रक्कम मालकाला वळती मिळणार होती. साहजिकच सर्व राज्यांनी विमा योजना आणल्या. कर भरायचा तर पगारपत्रक दाखवणे आले. जी माहिती मालकांकडे विनंती करून मागावी लागे ती आता कायद्याने येऊ लागली. बेकारांना आधार देण्यासाठी केलेल्या व्यवस्थेतून रोजगाराची जवळजवळ संपूर्ण मोजणी हाती लागली. १९४० च्या दशकापासून नमुन्यावर आधारलेल्या मासिक अंदाजांचा ताळा याच नोंदींशी घातला जाऊ लागला.

पण जवळजवळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शेतमजूर आणि घरकामगार यांना कायद्यातून वगळण्यात आले होते. आठांहून कमी माणसांच्या आस्थापनाही बाहेर होत्या. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांपैकी फार मोठा वर्ग नेमका शेतात आणि घरकामात होता. समितीच्या शिफारशीत वृद्धापकाळ विम्यासाठी त्यांचाही समावेश होता. पण त्यांच्याकडून करवसुली करणे अवघड असल्याचा आक्षेप अर्थखात्याने घेतला आणि काँग्रेसने त्यांना गाळले. पर्किन्स यांनी १९१२ प्रमाणेच मिळाले ते स्वीकारले. ज्यांना विमा नाही त्यांची विवरणेही नाहीत, असा दुहेरी तोटा या माणसांच्या वाट्याला आला. विवरण न पाठवणाऱ्या कारखान्याचा अंदाज करता येतो, कारण त्याचे नाव यादीत असते. यादीतच नसलेल्या माणसाचा अंदाज कोणत्याही सूत्राने होत नाही. आस्थापनांसाठीची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने खाली आली आणि मोठ्या शेतांवरचे मजूर व काही घरकामगार १९७६ च्या दुरुस्तीने बेकारी विम्यात आले. पर्किन्स तेव्हा हयात नव्हत्या.

मौनाचा अर्थ लावण्याचा आणखी एक धडा १९३७ च्या अखेरीस मिळाला. सरकारने टपालाने घरोघर कार्डे पाठवून बेकारांना आपली नोंद करायला सांगितले. सुमारे ७८ लाखांनी नोंद केली. त्याचबरोबर निवडक टपाल मार्गांवर गणक पाठवून प्रत्यक्ष मोजणीही करण्यात आली. तिच्यावरून बेकारांची संख्या सुमारे १ कोटी ९ लाख निघाली. कार्ड न भरणाऱ्यांना कामावर असलेले मानले असते, तर जवळपास ३० लाख बेकार हिशेबातून पुसले गेले असते.

पर्किन्स १९४५ पर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ कामगारमंत्री होत्या. इतका काळ हे पद दुसऱ्या कोणीही भूषवलेले नाही. १९३८ च्या कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन ठरले आणि कारखान्यांतील बालमजुरीला आळा बसला. टीकाही त्यांना भरपूर सोसावी लागली. गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांना त्या हद्दपार करीत नाहीत, या कारणावरून १९३९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव आला. पुराव्याअभावी समितीने तो सोडून दिला. मंत्रिपदानंतर त्यांनी नागरी सेवा आयोगावर काम केले, रूझवेल्ट यांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आणि उतारवयात कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवले. १४ मे १९६५ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये वॉशिंग्टनमधील कामगार खात्याच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मेन राज्यातील न्यूकॅसल येथील त्यांचे कौटुंबिक घर राष्ट्रीय स्मारक झाले.

त्यांनी घालून दिलेली घडी आजही टिकून आहे. बेकारी विम्याच्या नोंदींत अमेरिकेतील ९५ टक्क्यांहून अधिक नोकऱ्या येतात. त्यातही दर तिमाहीला काही मालकांची विवरणे पोहोचत नाहीत. त्यांच्या जागी अंदाजाने आकडा भरला जातो आणि खरे विवरण आले की अंदाज बाजूला सारला जातो. मासिक आकडाही सर्व उत्तरे येण्याआधी प्रसिद्ध होतो, पुढच्या दोन महिन्यांत सुधारला जातो आणि वर्षातून एकदा पूर्ण नोंदींशी ताडला जातो. १ ऑगस्ट २०२५ रोजी मे आणि जून महिन्यांचे रोजगारवाढीचे आधीचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आले. त्याच दिवशी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कामगार सांख्यिकी कार्यालयाच्या आयुक्तांना पदावरून दूर केले.

दुरुस्ती हा लबाडीचा पुरावा मानायचा की प्रामाणिकपणाचा, हा वाद त्यामुळे पुन्हा पेटला. पर्किन्स यांच्या कारकिर्दीत त्याचे उत्तर सापडते. अपुऱ्या माहितीवर अंदाज करणे त्यांनी कधी कमीपणाचे मानले नाही. मात्र तो अंदाज कसा केला हे उघड असावे आणि पुढे आलेल्या सत्यापुढे तो नमावा, असा त्यांचा कटाक्ष होता. पगारपत्रकावरचा प्रत्येक आकडा हे कोणाचे तरी घर चालवणारे माणूस असते. ज्या कारखान्याचे विवरण आले नाही त्याच्या दारापर्यंत जाऊन तिथे दिवा जळतो आहे की कुलूप लागले आहे हे पाहणे, हा हिशेबाचाच भाग आहे, हे त्यांनी १९११ च्या त्या दुपारी शिकले होते.